वाचकांचे प्रश्न : मोठ्या संख्या आणि त्यांचे मूळ अवयव

मूळ संख्यांविषयीच्या लेखानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक प्रश्न एकाच मुद्द्याशी येऊन थांबतात : दोन संख्यांचा गुणाकार क्षणात होतो, मग गुणाकार हाती असताना त्या दोन संख्या परत शोधून काढणे एवढे कठीण का? म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : मी दहावीत शिकतो. सतरा वेळा एक लिहून होणारी ११११११११११११११११ ही संख्या मूळ आहे की संयुक्त, हे मला शोधायचे होते. आधी मी ती एक्सेलमध्ये लिहिली, पण शेवटचे दोन अंक आपोआप शून्य झाले. मग दादाच्या मदतीने पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून १ लाखापर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागून पाहिले. एकानेही निःशेष भाग गेला नाही. बाबा म्हणतात की एवढे भागून झाले म्हणजे ती मूळच असणार. तसे मानावे का? (एक विद्यार्थी, डोंबिवली)

उत्तर : तसे मानू नकोस. ही संख्या संयुक्त आहे, पण तू केलेले काम वाया गेलेले नाही. त्याचा उपयोग कुठे होतो ते पुढे सांगतो.

एक्सेलचा घोटाळा आधी निस्तरू. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपून ठेवते आणि त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्ये मांडते. त्यामुळे १७ अंकी संख्येवर तिथे केलेला भागाकार वेगळ्याच संख्येवर केलेला भागाकार ठरतो. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही लांब असला तरी त्याचा एकही अंक गळत नाही, म्हणून तू तिकडे वळलास हे योग्यच झाले. मात्र तिथेही भागाकारासाठी दोन तिरप्या रेघांची खूण किंवा बाकी काढण्याची खूण वापरावी. एका तिरप्या रेघेने केलेला भागाकार दशांशात जातो आणि पुन्हा तीच चूक होते.

आता मुख्य गोष्ट. एखादी संख्या मूळ आहे असे भागाकाराने ठरवायचे असेल तर तिच्या वर्गमूळापर्यंत जावे लागते. तुझ्या संख्येचे वर्गमूळ सुमारे १० कोटी ५४ लाख आहे. तू १ लाखापर्यंत गेलास, म्हणजे वाटेच्या हजाराव्या भागापर्यंतही पोचला नव्हतास. तिचा सर्वांत लहान मूळ अवयव २०७१७२३ हा आहे.

११११११११११११११११ = २०७१७२३ × ५३६३२२२३५७

हा अवयव शोधताना प्रत्येक संख्येने भागण्याची गरज नव्हती. तू आवर्ती दशांश शिकला आहेसच. १ ला ३७ ने भागले की ०.०२७०२७… असे तीन-तीन अंक परत येतात, कारण ३७ ने ९९९ ला निःशेष भाग जातो. त्याचप्रमाणे जी मूळ संख्या तुझ्या सतरा एकांना भागते ती सतरा नवांनाही भागते, म्हणून १ ला तिने भागल्यास आवर्ती गटाची लांबी १७ किंवा १७ चा एखादा विभाजक एवढीच असू शकते. १७ स्वतः मूळ असल्यामुळे ती लांबी १ किंवा १७. लांबी १ फक्त ३ या मूळ संख्येला येते, आणि सतरा एकांची बेरीज १७ असल्यामुळे ३ ने इथे भाग जात नाही. म्हणून लांबी १७ च. आता फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार मूळ संख्येतून १ वजा केल्यावर जे उरते त्याला ही लांबी नेहमी निःशेष भागते. अवयव विषम आहे हेही आपल्याला ठाऊक आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की अवयवाला ३४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. म्हणजे १०३, १३७, २३९, ३०७ अशा मोजक्या संख्यांनीच भागून पाहायचे. २०७१७२३ म्हणजे ३४ × ६०९३३ + १. वीस लाखांवर भागाकार करण्याऐवजी एकसष्ट हजारांत काम झाले असते.

आणि तुझ्या मेहनतीचा उपयोग इथे आहे. ५३६३२२२३५७ हा दुसरा अवयव मूळ आहे का? त्याचे वर्गमूळ सुमारे ७३ हजार. त्याला जी संख्या भागेल ती तुझ्या सतरा एकांच्या संख्येलाही भागेल, आणि १ लाखाच्या आत अशी एकही संख्या नाही हे तू स्वतः तपासले आहेस. म्हणून तो मूळच आहे, आणि हे सिद्ध करण्यासाठी आणखी एकही भागाकार करावा लागत नाही.

बाबांना एक गोष्ट मात्र अवश्य सांग. संख्या मूळ की संयुक्त हे ओळखणे आणि तिचे अवयव काढणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, ही संख्या संयुक्त असल्याचे दाखवले, पण तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. अवयव सापडले ते १९०३ मध्ये. अमेरिकी गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फळ्यावर १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडून दाखवला. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले, असे सांगतात. या शोधासाठी तीन वर्षांचे रविवार लागल्याचे त्यांनी पुढे सांगितले, अशीही आठवण प्रसिद्ध आहे. मूळ की संयुक्त हे ओळखण्याची, अंकांची संख्या वाढली तरी आवाक्यात राहणारी आणि पूर्ण खात्रीची रीत आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. अवयव काढण्यासाठी नेहमीच्या संगणकावर चालणारी तशी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही.

जाता जाता एक गोष्ट, खास डोंबिवलीकरासाठी. देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांनी १२१, १२३२१, १२३४३२१ या प्रकारच्या संख्यांना 'डेम्लो संख्या' असे नाव दिले, आणि ते त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावरून. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. ज्या एकांच्या रांगेशी तू झटतो आहेस तिचेच हे वर्ग आहेत.

प्रश्न : वर्गमूळापर्यंत भागत जाणे एवढीच रीत आम्ही वर्गात शिकवतो. गणितज्ञ शंभरहून अधिक अंकी संख्यांचे अवयव काढतात तेव्हा नेमके काय करतात? माध्यमिकच्या मुलांना फळ्यावर दाखवता येईल असे उदाहरण दिल्यास आभारी राहीन. (एक गणित शिक्षिका, परळ)

उत्तर : आपला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून त्याला जागाही जास्त देतो.

प्रथम भागाकाराची मर्यादा मुलांना वेळेच्या मापाने दाखवावी. एखादे यंत्र सेकंदाला १०० कोटी भागाकार करते असे धरू. २० अंकी संख्येचे वर्गमूळ १० अंकी, म्हणून सर्व भागाकार १० सेकंदांत आटोपतील. ३० अंकी संख्येला सुमारे साडेअकरा दिवस लागतील. ४० अंकी संख्येला तीन हजारांहून अधिक वर्षे. दर दहा अंकांमागे काम एक लाख पटींनी वाढते, त्यामुळे दसपट वेगाचे यंत्र आणले तरी त्याने जेमतेम दोन अंक पुढे जाता येते.

यातून बाहेर पडण्याची पहिली वाट पिएर द फर्मा यांनी सतराव्या शतकात दाखवली, आणि तिला लागणारे सूत्र तुमच्या मुलांना पाठ आहे : दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. दिलेली संख्या 'क चा वर्ग वजा ख चा वर्ग' अशी लिहिता आली की क − ख आणि क + ख हे तिचे अवयव झाले.

याचे माझे आवडते उदाहरण ८६१६४६०७९९ हे आहे. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ व अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८७४ मध्ये ही संख्या छापली आणि हिचे दोन अवयव आपल्याखेरीज कोणाला कधी कळतील असे वाटत नाही, असे लिहिले. भागाकाराच्या वाटेने जाणाऱ्याला नव्वद हजारांपर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या, आणि हाताने ते खरोखरच जिवावर आले असते. गेल्या रविवारी मी पेन्सिल आणि एक पाठकोरा कागद घेऊन ही संख्या फर्माच्या रीतीने सोडवायला बसलो. कागदावर जे उमटले ते जसेच्या तसे सांगतो, कारण वर्गात हेच दाखवता येईल.

वर्गमूळ ९२८२४ पूर्णांक काही. म्हणून क ची सुरुवात ९२८२५ पासून. प्रत्येक क चा वर्ग करून त्यातून संख्या वजा करायची आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे. पण एकामागून एक क घेण्याआधी बाक्यांचा विचार करावा. कोणत्याही वर्गाला ३ ने भागले तर बाकी ० किंवा १ उरते. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ५६, म्हणजे ३ ने भागल्यावर बाकी २. दोन वर्गांच्या वजाबाकीत बाकी २ येण्याचा एकच मार्ग आहे, ० वजा १. म्हणून क ला ३ ने भाग गेलाच पाहिजे. आता ८ ने भागून पाहू. विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागल्यास बाकी १, सम संख्येच्या वर्गाला ० किंवा ४. आपल्या संख्येचे शेवटचे तीन अंक ७९९, म्हणून तिची बाकी ७. ती येण्यासाठी क च्या वर्गाची बाकी ० आणि ख च्या वर्गाची १ असावी लागते, म्हणजे क ला ४ ने भाग जातो. दोन्ही अटी मिळून क हा १२ च्या पाढ्यात आला. राहिला ५. संख्येचा शेवटचा अंक ९, म्हणून ५ ने भागल्यावर बाकी ४, आणि वर्गांच्या बाक्या ०, १, ४ एवढ्याच असतात. हे जुळण्यासाठी क चा शेवटचा अंक, तो सम असल्याने, ०, २ किंवा ८ यांपैकीच हवा.

या चाळणीतून ९२८२५ च्या पुढे पहिले तीन आकडे गळून हाती आले ते ९२८३२, ९२८६८ आणि ९२८८०. पहिल्याच्या वर्गातून संख्या वजा केल्यावर १३१९४२५ उरले. ११४८ चा वर्ग त्याहून लहान, ११४९ चा मोठा, म्हणून हा पूर्ण वर्ग नव्हे. दुसऱ्यात ८००४६२५ उरले, तेही २८२९ आणि २८३० यांच्या वर्गांच्या मध्ये पडले. तिसऱ्यात १०२३३६०१ उरले. ३२०० चा वर्ग १०२४००००, त्यातून ६४०० काढून १ मिळवला की नेमके १०२३३६०१, म्हणजे ३१९९ चा वर्ग! ९२८८० − ३१९९ = ८९६८१ आणि ९२८८० + ३१९९ = ९६०७९. जेव्हन्स यांचे गुपित पेन्सिलीच्या तीन प्रयत्नांत उघडे पडले. गुणाकार करून मी ताळा पाहिला, तो बरोबर आला.

मात्र मुलांना इथेच थांबवू नये. हे एवढ्या सहज झाले कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ होते. अवयव दूरदूर असतील तर फर्माची रीत भागाकाराहूनही संथ पडू शकते. म्हणून विसाव्या शतकात मॉरिस क्राइचिक यांनी ती थोडी सैल केली, आणि आजच्या बहुतेक बलाढ्य रीती या सैल केलेल्या कल्पनेवर उभ्या आहेत. एकच वर्ग नेमका सापडण्याची वाट पाहण्याऐवजी अर्धवट जुळणाऱ्या अनेक वजाबाक्या जमवायच्या आणि त्या एकमेकींत गुणून वर्ग घडवायचा.

फळ्यासाठी १९०९ ही संख्या घ्यावी. वर्गमूळ ४३ पूर्णांक काही, म्हणून ४४ पासून सुरू करू.

४४ × ४४ − १९०९ = २७ = ३ × ३ × ३
४५ × ४५ − १९०९ = ११६ = २ × २ × २९
४६ × ४६ − १९०९ = २०७ = ३ × ३ × २३
४७ × ४७ − १९०९ = ३०० = २ × २ × ३ × ५ × ५

यांत एकही पूर्ण वर्ग नाही. फर्माच्या रीतीने ५३ पर्यंत जावे लागले असते. पण २७ मध्ये ३ तीन वेळा आहे आणि ३०० मध्ये एकदा, म्हणजे दोन्ही गुणल्यास प्रत्येक अवयव सम वेळा येतो : २७ × ३०० = ८१००, म्हणजे ९० चा वर्ग. दुसऱ्या बाजूला ४४ × ४७ = २०६८, आणि त्याला १९०९ ने भागल्यास बाकी १५९. याचा अर्थ असा की १५९ च्या वर्गातून ९० चा वर्ग वजा केला तर उरते त्याला १९०९ ने निःशेष भाग जातो. म्हणून १५९ − ९० = ६९ आणि १९०९ यांचा मसावि काढावा. युक्लिडच्या रीतीने बाक्या ४६, २३, ० अशा येतात, म्हणजे मसावि २३. आणि १९०९ = २३ × ८३.

एक सूचना. ४६ च्या ओळीत २३ आपसूक दिसला आहे, हे चाणाक्ष मूल लगेच दाखवील. लहान संख्येत असे घडते, मोठ्या संख्येत त्यावर विसंबता येत नाही, हे त्याला समजावून द्यावे. शिवाय काही वेळा मसावि १ किंवा ती संख्याच येते. तेव्हा दुसऱ्या ओळी जुळवून पुन्हा प्रयत्न करायचा असतो.

मोठ्या संख्येसाठी अशा ओळी लाखांनी लागतात. कोणत्या ओळीचे सगळे अवयव लहान आहेत हे एकेक भागून पाहिले तर पुन्हा वेळ जातो, म्हणून १९८१ मध्ये कार्ल पॉमरन्स यांनी एराटोस्थेनीसच्या जुन्या चाळणीसारखीच चाळणी इथे लावली. ज्या ओळींना ३ ने भाग जातो त्या ठरावीक अंतराने येतात, ५ च्या, ७ च्याही तशाच, त्यामुळे रांगेवरून उड्या मारत खुणा करत गेले की कामाच्या ओळी आपोआप वर येतात. हीच वर्ग-चाळणी. ज्या ४० अंकी संख्येला भागाकाराने हजारो वर्षे लागली असती तिचे अवयव या रीतीने घरचा संगणक काही सेकंदांत देतो. सुमारे शंभर अंकांच्या पुढे संख्याक्षेत्र-चाळणी ही आणखी प्रगत रीत सरस ठरते. तिची मूळ कल्पना जॉन पोलार्ड यांनी १९८८ मध्ये मांडली.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. बँकेच्या संकेतस्थळांची सुरक्षितता मोठ्या संख्यांचे अवयव न सापडण्यावर अवलंबून आहे असे वाचले. वरच्यासारख्या रीती सापडत असतील तर आम्ही काळजी करावी काय? क्वांटम संगणकाबद्दलही उलटसुलट ऐकतो. (एक ज्येष्ठ नागरिक, गिरगाव)

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे, पण त्याला थोडी पुस्ती जोडायला हवी. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी मांडलेल्या आरएसए पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर केला जातो आणि त्या दोन संख्या गुप्त ठेवल्या जातात. कुलूप चौकात टांगलेले असते, किल्ली तेवढी मालकाच्या कनवटीला. आज सर्रास वापरला जाणारा असा गुणाकार २०४८ बिटांचा, म्हणजे ६१७ अंकी असतो. सर्वच यंत्रणा यावर चालत नाहीत. पुष्कळ ठिकाणी आता वेगळ्या गणितावर आधारलेल्या पद्धती वापरतात.

या क्षेत्रात भाकिते करताना जपून बोलावे लागते, हे एका घटनेवरून कळते. १९७७ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून एक १२९ अंकी संख्या वाचकांपुढे ठेवली गेली आणि तिच्यासाठी १०० डॉलरचे बक्षीस होते. तिचे अवयव काढायला ४ वर १६ शून्ये इतकी वर्षे लागतील असा अंदाज सोबत छापला होता. प्रत्यक्षात सतरा वर्षे पुरली. एप्रिल १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून कामाची वाटणी करून, वर्ग-चाळणी वापरून, ते अवयव काढले. त्या कामात ५,२४,३३९ मूळ संख्यांचा पाया घेतला होता, म्हणजे ओळींचे अवयव मुख्यतः एवढ्या ठरावीक मूळ संख्यांत शोधले होते. आपण वर १९०९ साठी २, ३ आणि ५ एवढ्या तिघांवर भागवले. यंत्रे वेगवान झाली हे खरेच, पण अंदाज चुकण्याचे मोठे कारण नव्या रीती हे होते, आणि माझ्या मते हीच गोष्ट पुरेशी ठसवून सांगितली जात नाही.

आज मोठा टप्पा मानला जातो तो फेब्रुवारी २०२० चा. त्या वेळी आरएसए-२५० या नावाने प्रसिद्ध असलेल्या २५० अंकी, ८२९ बिटांच्या संख्येचे अवयव काढले गेले. एका संगणकाच्या एकाच प्रक्रिया-गाभ्याला हे काम दिले असते तर सुमारे २७०० वर्षे लागली असती. अनेक यंत्रांत वाटून ते काही महिन्यांत उरकले. २५० अंकांपासून ६१७ अंकांपर्यंतची वाट अडीच पट लांब नव्हे, तर आज ठाऊक असलेल्या रीतींनी आवाक्याबाहेरची आहे. मात्र हे काम कायम अवघडच राहील याची सिद्धता कोणाकडेही नाही.

क्वांटम संगणकाबद्दल सांगायचे तर पीटर शोर यांनी १९९४ मध्येच अशा यंत्रासाठी अवयव काढण्याची वेगवान रीत दिली आहे. २००१ मध्ये तिच्या साहाय्याने १५ = ३ × ५ एवढे करून दाखवले गेले. सहाशे अंकी संख्येसाठी लागणारे मोठे आणि बिनचूक यंत्र आज अस्तित्वात नाही, तरीही ते येईल असे धरून तयारी सुरू झाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांच्या अवघडपणावर अवलंबून नसलेल्या पद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली. आज टिपून ठेवलेला गुप्त मजकूर उद्याच्या यंत्राने उघडता येऊ नये, यासाठी हा बदल वेळेआधीच व्हायला हवा.

मला याहून जास्त काळजी वाटते ती हलगर्जीपणाची. २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरच्या लाखो 'जाहीर किल्ल्या' (वर ज्याला कुलूप म्हटले त्या जाहीर गुणाकारालाच तांत्रिक भाषेत हे नाव आहे) जमवून तपासल्या, तेव्हा वेगवेगळ्या यंत्रांच्या किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक असल्याची हजारो उदाहरणे निघाली, कारण त्या यंत्रांनी मूळ संख्या निवडताना पुरेशी यादृच्छिकता पाळली नव्हती. याने काय होते ते लहान आकड्यांत पाहा. १९०९ आणि २०४७ या दोन किल्ल्या समजा. कोणाचेही अवयव न शोधता दोघांचा मसावि काढा : बाक्या १३८, ११५, २३, ०. मसावि २३ मिळाला आणि १९०९ = २३ × ८३, २०४७ = २३ × ८९ अशी दोन्ही कुलुपे एकदम उघडली. किल्ल्या ६१७ अंकी असल्या तरी मसावि डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच निघतो. तेव्हा आकडा किती लांब आहे यापेक्षा त्याचे अवयव कसे निवडले गेले, याला अधिक महत्त्व आहे. आपल्या रोजच्या व्यवहारापुरते सांगायचे तर खात्यातून पैसे जातात ते फोनवर ओटीपी सांगितल्याने. त्यासाठी कोणालाही अवयव काढावे लागत नाहीत.

प्रश्न : मी अवयव शोधण्याची स्वतःची एक रीत तयार केली आहे. १२ अंकी संख्यांचे अवयव मी वहीवर दहा-पंधरा मिनिटांत काढतो. सोबत पाच उदाहरणे पाठवत आहे. ही रीत मोठ्या संख्यांना लागू पडेल काय, आणि ती कुठे पाठवावी? (एक वाचक, वसई)

उत्तर : आपली पाचही उदाहरणे मी हाताने तपासली आणि सर्व गुणाकार बरोबर आहेत. वहीवर इतके नेटके काम करणारे वाचक आम्हाला लाभले आहेत याचा आनंद आहे. आता स्पष्ट मत देतो.

पाचही संख्यांत दोन अवयवांतील अंतर फार थोडे आहे. अशा संख्या फर्माच्या रीतीने लगेच सुटतात, आणि आपली रीत, अवयवांच्या बेरजेचा अंदाज बांधून तो सुधारत नेण्याची, मुळात तीच आहे. ती आपल्याला स्वतंत्रपणे सुचली ही कमी गोष्ट नाही. पण उदाहरणे आपणच दोन जवळच्या मूळ संख्या गुणून तयार केल्यामुळे रीतीची परीक्षा झालेली नाही. असाच धोका दुसऱ्या बाजूनेही असतो. पोलार्ड यांनी १९७४ मध्ये दिलेल्या एका रीतीने, अवयवातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येचे सगळे अवयव लहान असतील तर कितीही लांब संख्या फुटते. अशाच संख्या निवडल्या तर ती रीतही सर्वशक्तिमान भासेल.

म्हणून पुढची उदाहरणे घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तयार करून घ्यावीत. त्यांनी एक मूळ संख्या ४ अंकी आणि दुसरी ८ अंकी घेऊन आपल्याला फक्त गुणाकार सांगावा. अशी दहा उदाहरणे सोडवताना लागलेली मिनिटे न मोजता पायऱ्या मोजाव्यात, कारण मिनिटे हाताच्या सवयीवर अवलंबून असतात. मग तेच १४ अंकी आणि १६ अंकी संख्यांसाठी करावे. दर दोन अंकांमागे पायऱ्या दहापट होत असतील तर रीत भागाकाराच्याच वर्गात बसते. त्या बऱ्याच कमी वाढत असतील तर रीतीत काहीतरी नवे असण्याचा संभव आहे, आणि तसे असल्यास पायऱ्यांच्या तक्त्यासह ती वही आमच्या पत्त्यावर पाठवावी. ती मी स्वतः वाचीन आणि पुढच्या सदरात उत्तर देईन.